पडवळाला बांधलेला दगड

नाना पडवळाला दगड बांधत. इकडे परदेशात, कॅरी गावातल्या आमच्या वसाहतीत लोक दारापुढे हिरवळ राखतात, फार तर गुलाब लावतात. नानांच्या दारापुढे मात्र बांबूचा मांडव होता आणि त्यातून हातभर लांबीची पांढुरकी पडवळे लोंबत असत, प्रत्येकाच्या टोकाला सुतळीने बांधलेला एक खडा. "वजन असलं की सरळ वाढतं, नाही तर वेटोळं घालून बसतं," असे ते सांगत. पलीकडच्या बाईंनी एकदा शेजाऱ्याने दाराशी साप टांगले आहेत म्हणून प्राणी पकडणाऱ्या माणसाला बोलावले. नानांनी त्याला चहा पाजला आणि निघताना एक पडवळ हातात दिले.

परवा इथल्या मराठी लोकांच्या मंडळाने नानांची शोकसभा घेतली. ज्यांनी तो मांडव केवळ फोटोत पाहिला त्या अध्यक्षांनी सांगितले की, नाना शांतताप्रिय होते, शेजाऱ्यांचे मन राखण्यासाठी त्यांनी आपण होऊन मांडव उतरवला, 'काही मंडळींनी' मात्र उगाच वाद वाढवला आणि त्या कटकटीला कंटाळूनच नाना गाव सोडून गेले. त्या काही मंडळींत मी एकटाच मोडतो. म्हणून खरे काय घडले ते लिहिणे मला भाग आहे.

मांडव पुढे होता, कारण मागे पाइनची झाडे ऊन खाली उतरू देत नसत. इथली तांबडी चिकणमाती उन्हात विटेसारखी होते. ती आम्ही दोघांनी मिळून फोडली. वहिनी गेल्यानंतर नानांचे बोलणे बहुतेक वेलींशीच चाले. दुधीला नख लावून ते म्हणत, "अजून शाळेत जाऊ दे, वकीलसाहेब." वकीलसाहेब म्हणजे मी. मी जन्मभर इंजिनियर होतो, पण दुकानातल्या चुकीच्या बिलापासून देवळातल्या पार्किंगपर्यंत सगळीकडे भांडतो, म्हणून त्यांनी मला ही पदवी बहाल केली होती. ती मला आवडत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनने मांडवाला हरकत घेतली तेव्हा नाना स्वतः माझ्याकडे आले. "तुम्हीच बोला. रागात माझं इंग्लिश तुटतं," असे त्यांचे शब्द होते. मी उगाच मध्ये पडलो असे जे म्हणतात त्यांनी हे वाक्य नीट ऐकावे. मी नियम वाचून काढले. दारापुढे भाजी लावू नये असे त्यांत कुठेही नव्हते. 'नीटनेटके' हा एकच मोघम शब्द होता, आणि दगड बांधून सरळ केलेल्या पडवळाहून नीटनेटके त्या वसाहतीत काहीही नव्हते.

असोसिएशनच्या सभेत मी हेच मांडत होतो, आणि लोक ऐकत होते. एक-दोघांनी तर मान हलवली. तेवढ्यात नाना उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला खाली बसवले आणि न तुटणाऱ्या इंग्लिशमध्ये सांगितले की, माझे मित्र जरा भावनेच्या भरात बोलले, मी दिलगीर आहे, मांडव रविवारपर्यंत निघेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मांडव निघाला. बांबू त्यांनी माझ्याच गॅरेजमध्ये आणून ठेवले. थोड्याच दिवसांत त्यांच्या हिरवळीवर घर विकण्याची पाटी लागली. लेकीकडे, दूर चँडलर गावी जायचे त्यांनी सभेच्या आधीच ठरवले होते आणि असोसिएशनची हरकत उभी असताना घर विकणे अवघड होते, हे मंडळातल्या बऱ्याच जणांना ठाऊक होते. मला मात्र ते पाटी लागल्यावर कळले. आधी सांगितले असते, तर मी त्या सभेत तोंड उघडले नसते.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. मांडव घातलात का, असे त्यांनी विचारले. मी ताडकन विचारले, "मला आधी का नाही सांगितलंत?"

नाना म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतंत, वकीलसाहेब."

हे उत्तर मला तेव्हा मान्य नव्हते, आजही नाही. मी फोन ठेवला. त्यांनी पुन्हा केला नाही, मीही केला नाही. आणि आता ते नाहीत.

यंदा मी त्याच बांबूंचा मांडव घातला आहे, माझ्या दारापुढे. पडवळे धरली आहेत, दगड बांधले आहेत. पलीकडच्या बाई पाहून गेल्या आणि असोसिएशनने मला सभेला बोलावले आहे. मी जाणार आहे आणि बोलणार आहे. शेजारची खुर्ची रिकामी असेल. निदान माझे बोलणे पुरे होण्याआधी तिच्यावरून कोणी उठणार नाही.