जीभ दाखव आधी

आमच्या गावात कुणाच्या पायात काटा मोडो, कुणाचे केस गळोत, नाहीतर अंगाला खाज सुटो, अण्णा वैद्यांचं पहिलं वाक्य एकच असायचं : जीभ दाखव आधी. माणूस बाही वर सारून आपलं दुखणं पुढे करायचा आणि अण्णा त्याकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. मतं मागायला आलेला एक पुढारी भाषणाच्या भरात म्हणाला, की गरिबांच्या काळजीने माझ्या पोटात अन्न पचत नाही. अण्णांनी त्यालाही चारचौघांत जीभ काढायला लावली. त्याने काढली. जाताना अण्णांनी दिलेली ओवा-सैंधवाची पुडी तो गुपचूप खिशात ठेवताना सगळ्या गावाने पाहिला.

तेलगावच्या अलीकडे आमचं गाव. अण्णांचा दवाखाना म्हणजे दूध संस्थेचा ओटा. संस्था त्यांनीच उभी केलेली, चेअरमनही तेच. सकाळी आम्ही बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या आणि शेजारी बाजेवर अण्णा, असा दोन्ही कारभार एकाच वेळी चालायचा. वैद्यकी त्यांच्याकडे वडिलांकडून आली होती. पुढे कॉलेजातही ती रीतसर शिकून आले होते, त्यामुळे श्लोक तोंडपाठ. पण समजवायला बसले की श्लोक सोडून थेट चुलीवर यायचे. पोटातला अग्नी म्हणजे चूल. ती धुपत असताना वरून सरपण कोंबलं तर घरभर धूर होणार, आणि तोच धूर अंगावर पुरळ होऊन उमटतो, असं त्यांचं सांगणं. "कातडं निस्तं चुगली करतंय, चोरी पोटात झालीय," हे त्यांचं लाडकं वाक्य होतं. विनय नावाचा गुण त्यांच्यात औषधालाही नव्हता. कुणाला गुण आला की "मी काय म्हणलो होतो?" हे ते त्याला पारावर गाठून ऐकवायचे.

साऱ्या गावाला पथ्य सांगणारे अण्णा स्वतः मात्र उपाशीपोटी चहा प्यायचे, तोही काळाकुट्ट आणि दोनदा उकळलेला. आमच्या घरी आले की वर भज्यांची चौकशी. मी एकदा धीर करून टोकलं तर म्हणाले, "वैद्याची जीभ कोण बघतंय पोरी? आण चहा."

मी चकलांब्याची. लग्न होऊन आले ते नेमकं दुष्काळाच्या तोंडावर. दुसऱ्या वर्षी पाऊस पार रुसला. उसाला पाणी नाही, म्हणून कारखान्याचा हंगामही लवकर आटोपला. मालक कोयता घेऊन ऊस तोडायला दूर बागायती मुलखात गेले आणि घरी राहिलो मी, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि एक म्हैस. त्या म्हशीवर घर चालत होतं. छावणीतला चारा खाऊन ती बिचारी देईल तेवढं दूध मी संस्थेत घालायची.

त्या उन्हाळ्यात माझ्या हातांवर चट्टे उठले. आधी मनगटावर, मग कोपरापर्यंत. लाल, खरबरीत आणि खाज अशी की रडू यावं. आत्याबाईंनी बाजारातून मलम आणलं, देवाचा अंगारा लावला, काही उपयोग झाला नाही. एक दिवस रांगेतल्या एका बाईने माझे हात पाहिले आणि किटली उचलून बाजूला सरकली. हिच्या हातचं दूध आमच्या दुधात ओतायचं नाही, असं तिने सचिवाला ठणकावून सांगितलं. मागून कुणीतरी हळूच 'महारोग' हा शब्द उच्चारला. घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, चार दिवस माहेरी जाऊन ये. तो शब्द पाठीला चिकटवून माहेरी गेलेली पोरगी पुन्हा नांदायला येत नाही, हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं.

माहेरी धाडायच्या आधी एकदा अण्णांना दाखवावं, म्हणून दुसऱ्या दिवशी आत्याबाई मला घेऊन ओट्यावर गेल्या. रांग भरलेली. मी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून हात पुढे केले.

"हात राहू दे," अण्णा म्हणाले. "जीभ दाखव आधी."

सासरच्या गावात थोरल्या माणसासमोर मान वर करायची नाही, तिथे जीभ काढायची कशी? मी पदर आणखी घट्ट धरला. अण्णा शांतपणे म्हणाले, "पदर राहू दे डोक्यावर. जीभ तेवढी भायेर काढ." काढली. पांढऱ्या किटाने माखलेली ती जीभ त्यांनी इतक्या समाधानाने पाहिली, की मला त्या स्थितीतही राग आला.

मग त्यांनी बोंडातल्या कापसाची बारीक वात वळली. मला डोळे मिटायला लावले आणि चट्ट्यांवर ती वात टेकवून कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगितलं. मी प्रत्येक वेळी बरोबर दाखवलं. अण्णा रांगेकडे वळून मोठ्याने म्हणाले, "हा महारोग न्हाई, त्यात चट्टा बधिर आसतो. ज्याला शंका आसंल त्यानं पुढं येऊन बगावं." कुणी आलं नाही. मात्र चेअरमन म्हणून त्यांनी लगेच हेही बजावलं, की हात कोरडे होईपर्यंत धार आत्याबाईंनी काढायची, आणि महिन्याभरात फरक पडला नाही तर ते स्वतः मला बीडच्या मोठ्या डॉक्टरला दाखवतील.

त्यानंतर चौकशी सुरू झाली. काय खाल्लं, कधी खाल्लं, कशावर काय प्यायलं. आत्याबाईंना वाटलं, सुनेला उपाशी ठेवल्याचा आळ येतोय. त्या फणकारल्या, "पोटभर खातीया. तलाव आटलाय तवापासून रोज मासळीचं कालवण हाय घरात. आन् वर तांब्याभर दूध देते मी तिला."

"दूध? ते तर तुमी संस्थेत घालता."

"परत आलेलं."

अण्णा बाजेवरून उठले. तलावाचा चिखल झाला होता आणि कुणीही टोपलीभर मासे धरून आणत होतं. इकडे संस्थेचं दूध नेणारा टेम्पो शीतकरण केंद्रावर पोचेपर्यंत उन्हाने दूध आंबूस व्हायचं आणि कॅन परत यायचे. टंचाईत दूध टाकून कसं द्यायचं, म्हणून घरोघर तेच दूध कालवणावर प्यायलं जात होतं. अण्णांनी रांगेकडे पाहिलं. "तुमच्या घरी बी हेच?" बायका खाली बघू लागल्या. एकीने गुडघा खाजवला, दुसरीने लेकराची बंडी वर केली तर त्याच्या पाठीवर तसंच पुरळ.

मासे आणि दूध एकमेकांचे वैरी, त्यात दूध नासलेलं, असं ते तळमळून सांगू लागले. एवढ्यात आदल्या दिवशीचे परत आलेले कॅन घेऊन टेम्पो आला. अण्णांनी त्यातला स्वतःच्या घरचा वाटा मागून घेतला आणि सगळ्यांसमोर कडुलिंबाच्या बुडाशी ओतला. प्यायला पाणी मिळत नव्हतं त्या दिवसांत पांढरी धार मातीत जिरताना पाहून एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून रडली. "माझ्यानं बगवत न्हाई," अण्णा म्हणाले, "पण तुमच्या पोटात ओतण्यापरास हे बरं."

त्याच दिवशी त्यांनी नियम केला : आधी तांब्याभर ताजं दूध घरात ठेवायचं, त्याचं विरजण लावायचं, उरलेलं संस्थेत. दूध कमी पडलं तर टेम्पो बंद होईल, अशी सचिवाने भीती घातली. टेम्पो पहाटे आणायची जबाबदारी माझी, नाही जमलं तर चेअरमनकी सोडतो, असं अण्णांनी सांगून टाकलं. केंद्रावर जाऊन भांडले आणि टेम्पो पहाटे आणून दाखवला.

मला त्यांनी एरंडेल दिलं, मुगाचं कढण आणि जिरं घातलेलं गोडं ताक सांगितलं, लावायला करंजाचं तेल. कडुलिंबाचा पाला उकळून हात धुवायचे, आणि ते पाणी वाया न घालवता झाडाला घालायचं. मासळी बंद. आत्याबाईंनीही माझ्याबरोबर सोडली. चट्टे हळूहळू कोरडे पडले, खपल्या गेल्या, कातडी पहिल्यासारखी मऊ झाली. ज्या दिवशी मी परत किटली घेऊन गेले, त्या दिवशी अण्णांनी रांग थांबवली आणि माझं दूध सगळ्यांच्या आधी मापात ओतून घेतलं. मग अर्थातच म्हणाले, "मी काय म्हणलो होतो?"

पुढे मीही संस्थेत पदाधिकारी झाले. नातवंडांच्या अंगावर पुरळ दिसलं की माझ्याही तोंडून आधी 'जीभ दाखव' हेच निघतं. सुना हसतात, हसू देत.

अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा मी ताज्या ताकाचा तांब्या घेऊन गेले होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मुलगा म्हणाला, दोन दिवस काही घेत नाहीत. मी उशाशी बसले. जे आयुष्यभर ऐकलं होतं तेच तोंडून गेलं.

"अण्णा, जीभ दाखवा आधी."

त्यांनी डोळे उघडले. थोड्या वेळाने लहान मुलासारखी जीभ बाहेर काढली. कोरडी, चिरा पडलेली, काळसर. ती वाचायला त्यांनीच मला शिकवलं होतं.

"कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"लई चांगली हाय."

अण्णांच्या ओठांवर जुनं हसू आलं. "खोटं बोलतीस पोरी," ते म्हणाले. "आण ताक."

मी चमच्याने पाजलं. त्यांनी घोट गिळला, तोंडात चव घोळवली आणि जिरं जरा कमी पडलंय म्हणाले.