हाताला दिलेला ताव

उजवा दंड पहिल्यांदा फडफडला तेव्हा मी डाव्या हाताने जेवत होतो आणि अर्धा भात मांडीवर सांडत होतो. कातडीखालून उंदीर पळावा तसं काहीतरी सळसळताना दिसलं. मी ओरडलो. आई तव्यावरची पोळी तशीच टाकून धावत आली.

"अगं बाई, उजवं अंग लवतंय! पुरुषाला शुभ असतं," म्हणाली आणि देवापुढे साखर ठेवली.

शुभ म्हणे! पाण्याचा पेला धरवत नव्हता मला.

आम्ही नाशकातले तांबट. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नांदगावला हंडे पोचवून येताना मोटारसायकल घसरली, मी उजव्या खांद्यावर आपटलो आणि तेव्हापासून हात नुसता लोंबत होता. हाड शाबूत, आतल्या नसा तुटलेल्या.

डॉक्टर म्हणाले, "नस पुन्हा वाढते, पण फार सावकाश. स्नायू सुकायच्या आत पोचली तर हात वळेल. ही फडफड चांगलं लक्षण असू शकते."

त्यातलं 'असू शकते' आमच्या घरात कुणी ऐकलंच नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसऱ्याच दिवशी माझ्या हातोडीला नवा दांडा बसवला. आमच्यात एकाची हातोडी दुसरा उचलत नाही. दांडा ज्याच्या त्याच्या तळव्याला बसलेला असतो, आणि ऐरणीवर कोण बसलंय हे आळीतलं शेंबडं पोरसुद्धा नुसत्या ठोक्यावरून सांगतं. माझी हातोडी अण्णांनी तेल लावून खुंटीला टांगली. येता-जाता मला ती दिसायची आणि डोकं फिरायचं.

संध्याकाळी शेजारीपाजारी दंड बघायला यायचे. "दाखव रे, हलतोय का?" मी बाही वर करायचो आणि मेला नेमका तेव्हाच गप्प बसायचा. हात दाखवून अवलक्षण! लोक गेले की पुन्हा सुरू.

फडफड वाढत गेली, पण बोट काही उचललं जाईना. शेवटी अण्णांचा धीर सुटला. तांबं ठोकून ठोकून कडक झालं की आम्ही त्याला भट्टीत ताव देतो. लाल झालं की ते मऊ पडतं, मग हवं तसं वळवा. त्यांना जन्मात दुसरं औषध ठाऊक नव्हतं.

"कडक झालाय हात. ताव देऊ," म्हणाले.

वाळूची पुरचुंडी भट्टीच्या कडेला तापवली. आधी स्वतःच्या तळव्यावर टेकवून बघितली. पण उभा जन्म भट्टीपुढे गेलेला तळवा तो, त्याला काय कळणार? मग माझ्या दंडावर ठेवली.

"बरं वाटतंय का?"

"वाटतंय की," मी म्हटलं. खरं तर काहीच वाटत नव्हतं, पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता की दुसरं काही बोलवेना. आम्ही दोघं खुशीत बसलो होतो. वास आला तो आईला. तिने पुरचुंडी ओढली तर कातडी तिच्याबरोबर निघून आली.

"अरे, ओरडला का नाहीस?" अण्णा किंचाळले.

"मला कळलंच नाही, अण्णा."

हात मेलाय, हे मला आत कुठेतरी माहीत होतं. अण्णांना ते त्या क्षणी कळलं. त्यानंतर हात हलला का, असं त्यांनी कधीच विचारलं नाही.

जखम भरली. फडफड कमी कमी होत एक दिवस थांबली. आई म्हणाली, "बरं झालं बाई, शांत झाला." डॉक्टरांनी दंड दाबून बघितला आणि स्नायू सुकल्याचं सांगितलं. त्या फडफडीचा मला इतका वैताग यायचा, पण ती गेली तेव्हा मी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जाऊन ढसाढसा रडलो.

पुढच्या खंडेनवमीला अण्णांनी पाटावर हत्यारं मांडली. आधीच्या वर्षी माझी हातोडी मधोमध होती, तिला पहिलं फूल. यंदा ती पाटावर होती, पण त्यांच्या हातोड्यांच्या रांगेत.

दसरा झाला, काम सुरू झालं. मी ओट्यावर चहा पीत होतो आणि आतून ठोके येऊ लागले. हात अण्णांचा होता, पण नाद माझ्या हातोडीचा. कप ठेवून आत गेलो. त्यांनी मान वर केली नाही.

"पडून काय करायची होती," एवढंच म्हणाले.

दांडा त्यांनी आपल्या तळव्याच्या मापाने तासून घेतला होता.