डाव्या फेऱ्या

ही गोष्ट मी चाळीस वर्षांहून जास्त काळ टाळली. घरात मोटरसायकलीचा विषय निघाला की मी फौजेतल्या हकिकती सांगायचो. खालापूरजवळच्या भातशेतात मी माणसांना गाडी चालवायला शिकवायचो, हेही सांगायचो. पण एका माणसापाशी आलो की गोष्ट वळवायचो. आता वळवणार नाही. जमेल तसं सगळं लिहून काढणार आहे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असावी. फौजेत मी मोटरसायकलवरून टपाल पोचवायचो. तिथून सुटलो आणि खोपोलीला एका गॅरेजमध्ये लागलो. त्या वेळी आमच्या तालुक्यात मोटरसायकल चालवता येणारा माणूस विरळा. कारखान्याचे निरोपे, ग्रामसेवक, दूधवाले विचारायला येऊ लागले, तेव्हा मी शिकवणी सुरू केली. भात कापून झालं की एका ओळखीच्या शेतकऱ्याचं मोठं खाचर मोकळं पडायचं. मधले बांध फोडून, धसकटं काढून, दगडी रूळ फिरवून आम्ही जमीन घट्ट करायचो. त्यावर चुन्याचं मोठं वर्तुळ आखायचं. बरोबर मध्यभागी मळणीच्या वेळचा तिवडा, म्हणजे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब, तसाच ठेवलेला असे. त्याला टेकून मी उभा राहायचो.

आमच्याकडे मळणीचे बैल तिवडा डाव्या अंगाला ठेवून फिरतात. शिकायला येणारे सगळे शेतकऱ्यांच्या घरचे. पहिल्या दिवशी गाडीवर बसवलं की त्यांची मान आपोआप डावीकडे वळायची. मलाही ते सोयीचं होतं. क्लच डाव्या हाताला, आणि माझ्याकडच्या जुन्या जड गाडीला ब्रेकही डाव्याच पायाला. गडी डावीकडून फिरला की त्याचा हात आणि पाय दोन्ही मला मधून दिसायचे. एखादा ओरडायचा, "मास्तर, बैल गवत बघून तरी थांबतो, ही थांबायची कशी?" मी म्हणायचो, "तिला शेपूट नाय, पाय दाब!" सगळं खाचर हसायचं.

पण फौजेत आम्हाला जसं शिकवलं, ते मला पाठ होतं. जितक्या डाव्या फेऱ्या, तितक्याच उजव्या. मग आठाचा आकडा. मग चढावर थांबून पुन्हा निघणं. हे सगळं झाल्याशिवाय माणूस रस्त्यावर सोडायचा नाही. एका बाजूनेच फिरत राहिलं तर अंगाला एकच कल ठाऊक होतो. डोक्याला वाटतं येतं, पण वेग आला की अंग ऐकत नाही. हे मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. माहीत होतं.

त्या वर्षी एका खाजगी डेअरीने माझ्याकडे चार माणसं पाठवली. कडावपासून खालापूरपर्यंतच्या गावांतून दूध गोळा करायला मोटरसायकली घ्यायचं डेअरीनं ठरवलं होतं. जो शिकवणीत पास होईल तो कायम होणार होता. चौघांतले तिघे सखल भागातल्या गावांचे. चौथा डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. वाडीतल्या गाई-म्हशींचं दूध डोक्यावर घेऊन तो रोज पायी उतरायचा, म्हणून मॅनेजरला त्याची चाल आवडली होती. त्याच्या वाडीतून पगाराच्या कामाला लागणारा तो पहिलाच. त्याची बायको आणि म्हातारा बाप एकदा बांधावर येऊन बसून गेले होते. कामाला लागलेला माणूस कसा दिसतो ते बघायला.

चौघांत तोच चांगला होता. हातात घाई नव्हती. क्लच असा सोडायचा की गाडी दचकत नसे. बाकीचे गाडीला शिव्या घालायचे, हा तिच्या अंगावरून हात फिरवायचा.

दहा दिवसांत तयार करून देतो, असं मी मॅनेजरला मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. मधे क्लचची तार तुटली. पनवेलहून नवी यायला तीन दिवस गेले. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत आम्ही डाव्याच फेऱ्या मारत होतो. आठव्या दिवशी मॅनेजरचा निरोप आला की गाड्या येतायत, माणसं सोमवारपासून लागतील. मी हिशेब बदलला. उजव्या फेऱ्या आणि आठाचा आकडा राहू दे, रस्त्यावर आपोआप येईल, असं मनाशी ठरवलं.

त्याच दिवशी तो गाडीवरून उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला,

"मास्तर, उजवीकडनं कदी फिरायचं?"

मला ते लागलं. जे मी गाळत होतो नेमकं तेच त्यानं विचारलं होतं. मी म्हणालो, "का रं? बैलाला कदी उजवीकडनं फिरवलंस का तू? का वाडीवर तुमी उलटी मळणी करता?"

बाकीचे तिघे खो-खो हसले. तोही हसला, पण थोडंच. म्हणाला, "नाय, रस्ता दोनी बाजूंनी वळतो म्हणून इचारलं."

"वळंल तवा वळशील," मी म्हणालो आणि पुढच्याला गाडीवर बसवलं.

दहाव्या दिवशी त्यांना एकेकदा खोपोलीपर्यंत सरळ रस्त्याने नेऊन आणलं आणि मॅनेजरला सांगितलं, चौघे पास.

तो पडला कामाला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी. दोन्ही बाजूंना भरलेले दुधाचे कॅन घेऊन उतारावरून येत होता. खाली ओढ्यावरची मोरी आणि मोरीपाशी उजवं वळण. सपाटीवर त्याने पाय टेकत टेकत उजवी वळणं काढली असतील, पण उतारावर भरल्या गाडीने ते चालत नाही. गाडी सरळ डाव्या कडेवरून खाली गेली. भरलेला कॅन आणि गाडी दोन्ही त्याच्या डाव्या पायावर आले. गुडघ्याखाली पाय मोडला. बघायला गेलेले सांगत होते, ओढा पांढरा झाला होता आणि तो दुधाबद्दल माफी मागत होता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर खाचरात आला. बाकीचे तिघे त्या दिवशी रिकाम्या गाड्या घेऊन तिथे आलेले होते. मॅनेजर भला माणूस होता. त्याने सरळ विचारलं, "मास्तर, त्याला उजवं वळण नीट शिकवलं होतंत ना? शिकवणीत काही राहिलं असेल तर सांगा. पाय बरा होईपर्यंत मी त्याची जागा ठेवतो, पुन्हा शिकवू."

एवढं सोपं होतं. राहिलं, एवढं म्हणायचं होतं. त्याची जागा राहिली असती. पण तिघे बघत होते, खाचराच्या बांधावर नवे चार जण आपली पाळी येईल म्हणून बसले होते, आणि तालुक्यात मोटरसायकलीचा मास्तर म्हटलं की माझंच नाव निघत होतं.

मी म्हणालो, "शिकवलं होतं साहेब. त्याच्या डोक्यात बसलं नाही."

मॅनेजर गप्प राहिला. तेवढ्यावर थांबलो असतो तर एकाच माणसाचं वाटोळं झालं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला गप्पपणा सोसत नाही. मी पुढे म्हणालो, "डोंगरातल्या माणसाला मशीन झेपत नाही साहेब. त्यांचं ते काम नव्हे."

तिघांपैकी कुणी बोललं नाही. त्यांच्या नोकऱ्या तीन-चार दिवसांच्या होत्या. मी त्यांना दोष देत नाही. एकाने फक्त खाली बघून पायाने चुन्याची रेघ पुसली.

त्याची जागा गेली. नंतर त्याच वाडीतले दोघे डेअरीत काम मागायला गेले. मॅनेजरने त्यांना परत पाठवलं. मला बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "तुमचंच म्हणणं खरं मास्तर, मी उगाच धोका कशाला घेऊ?" मी मान हलवली. डेअरी होती तोवर त्या वाडीतल्या एकालाही तिथे काम मिळालं नाही. माझ्या एका वाक्यावर.

नव्या तुकडीला मी पहिल्या दिवसापासून उजव्या फेऱ्या घातल्या. चुन्याच्या दोन रेघा आखल्या, आठाचा आकडा काढला. कुणी विचारलं नाही की आता का. कामाच्या बाबतीत मी सुधारलो होतो, तोंडाने नाही.

पावसाच्या आधी, उन्हं कडक होती तेव्हा, तो आला. काठी घेऊन, डावा पाय थोडा आखूड. बांधावर उभा राहून बघत राहिला. एक दूधवाला उजवीकडून फिरत होता, मी ओरडत होतो, "उजवीकडं बघ रं, चाकाकडं नको, जायचंय तिकडं बघ!" मी वळलो तर तो दिसला.

तो म्हणाला, "आता दोनी अंगानं फिरवता व्हय, मास्तर?"

"हो," मी म्हणालो.

"बरं केलं."

त्यात टोमणा नव्हता. मी पुष्कळ शोधला. टोमणा असता तर मला बरं पडलं असतं, मी भांडलो असतो. तो काठी टेकत बांधाबांधाने निघून गेला. मी दहा पावलं त्याच्या मागे गेलो. मागून कुणीतरी हाक मारली, गाडी बंद पडली होती, आणि मी परत फिरलो.

त्यानंतर दोनदा वाडीवर गेलो. पहिल्यांदा तो रानात गेला होता. त्याच्या बायकोने पाणी दिलं आणि विचारलं, "काय सांगू त्यास्नी?" मी म्हणालो, "सहज आलो होतो." दुसऱ्यांदा तो घरीच होता. आम्ही तासभर बोललो, करवंदं, रानडुकरं, त्याच्या मुलाची शाळा. निघताना त्याने टोपलीभर करवंदं दिली. ती मी घेऊन आलो. इतका भेकडपणा मी फौजेतही कधी केला नव्हता.

तिसऱ्यांदा जायचं ठरवलं तेव्हा कळलं, तो गेला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

डेअरी बंद पडली, मॅनेजर गेला. त्या तिघांपैकी एक अजून आहे. हे लिहायच्या आधी मी त्याच्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, "कशाला उकरता आता, मास्तर?" मी म्हटलं, खरं काय झालं ते तुझ्या तोंडून कुणी ऐकायच्या आत माझ्याकडून लिहिलं जाऊ दे. हा कागद मी वाडीतल्या त्या माणसाच्या मुलाच्या हाती देणार आहे. वाडीवर मोठ्याने वाचून दाखवावा, एवढंच माझं मागणं. मुलगा ऐकेल की नाही माहीत नाही. नाही ऐकलं तरी मी तक्रार करणार नाही.

त्या दिवशी बांधावर दहा पावलं चालून जे म्हणायचं राहिलं, ते इथे लिहितो.

दादा, तू पडलास त्यात तुझी चूक नव्हती. तू विचारलं होतंस आणि मी शिकवलं नव्हतं. मॅनेजरला मी खोटं सांगितलं, तुझ्याबद्दलही आणि तुझ्या माणसांबद्दलही. मला माफ कर.