भोंगा वाजला तेव्हा

अणुवीज प्रकल्पाजवळच्या आमच्या गावात काल आपत्कालीन सराव झाला. भोंगा वाजताच सगळ्यांनी घरात शिरून दारं-खिडक्या लावून घेतल्या. काचेतून पाहिलं, तर समोरच्या अंगणात दामूकाका निवांत जाळं शिवत बसले होते. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही, हे अख्ख्या आळीला ठाऊक आहे. मला पाहून हसले आणि हातानंच 'ये की बाहेर' म्हणाले.

"त्यांना आत आणतो," मी म्हटलं.

"दार उघडायचं नाही म्हणून सांगितलंय ना," बायको म्हणाली. "आणि सरावच तर आहे."

मी खिडकीपासून मागे सरलो. खरी वेळ आली असती तर दार उघडलं असतं का, कोण जाणे.

नंतर सराव घेणाऱ्या साहेबांनी सगळ्यांना चौकात जमवलं. "एकही माणूस बाहेर राहिला नाही, शाब्बास!"

आम्ही माना खाली घालून टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे बघून दामूकाकाही आनंदानं वाजवू लागले.