इस्त्री केलेला टी-शर्ट

सोसायटीखालच्या इस्त्रीवाल्याकडून गरम कापडाचा वास आला की कोपरखैरण्यातलं आमचं वन रूम किचन आठवतं. चित्रकलेच्या क्लासमधल्या सरांनी खराखुरा वाटेल असा टी-शर्ट काढून आणायला सांगितलं होतं. मी पप्पांचा कंपनीतला टी-शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि चार दिवस त्याच्या चुण्या कागदावर उतरवत बसले. काढावा तो टी-शर्ट पत्र्याचा वाटायचा. खोडून खोडून कागद फाटायला आला, तेव्हा कुठे एक बाही जमली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर टी-शर्ट धुऊन, कडक इस्त्री करून परत खुर्चीवर. "त्याचं चित्र काढतेयस ना, मग असा चुरगळलेला बरा दिसतो का?" आई म्हणाली. मी पेन्सिल फेकली, जेवलेही नाही. थोड्या वेळाने बघितलं तर आई एका हातात माझं अर्धं चित्र धरून, त्यात बघून बघून, टी-शर्टला एकेक चुणी पाडत होती. "ही अशीच होती ना गं?" तिने विचारलं. "राहू दे, तुला काही कळत नाही," मी म्हणाले. आज कपड्यांची चित्रं काढणं हेच माझं काम आहे, पण माझ्या चित्रावर इतका विश्वास नंतर कुणीच ठेवला नाही.