अळणीच की आळणाची?

"गोळीचा डोस वाढवावा लागणार," डॉक्टर म्हणाले.

धसईच्या त्यांच्या दवाखान्यात मी दर गुरुवारी शहापूरहून येते. मी डायटिशियन. पेशंटने काय खायचं, काय टाळायचं, ते सांगणं माझं काम. समोर किसनदादा बसले होते. साठीचे, भातशेती करणारे. तीन आठवडे गोळी चालू, तरी बीपी उलट चढलेलं.

"मॅडम, डाएट समजावलं होतंत ना?"

"हो सर." माझे कान तापले. डोस वाढला, बीपी एकदम उतरलं आणि दादा चक्कर येऊन बांधावर पडले तर?

"दादा, मी सांगितलेलं पाळता ना?"

"एक दिस चुकवला नाय."

त्यांच्या पत्नी येसूबाई अभिमानाने पुढे झाल्या. "मीच करते ना रोज! काल दुधीची, परवा शेवग्याची. मस्त बेसन लावून."

"बेसन?"

"मंग? आळण बेसनाचंच लावतात ना?"

"आणि मीठ?"

"बेसन घातलं की मीठ वाईच जास्तीच लागतं, मॅडम."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी म्हणाले होते, "भाजी अळणीच खायची." डोक्यावरच्या पंख्याच्या घरघरीत, त्या दिवशी एकट्याच आलेल्या दादांनी ऐकलं, "आळणाची खायची." मी ते सगळ्यांना बोलून दाखवलं.

"आवं, अळणी मला काय कळत नाय?" येसूबाई नवऱ्यावर उखडल्या. "ऐकू येत नाय तर मान कशाला हलवता?"

"मला वाटलं, काय गुणाची मॅडम! आवडीचंच खायला सांगते!"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डोळे पुसत हसायला लागले. मला हसू आवरेना, येसूबाईंनी तोंडात पदर कोंबला.

हसू ओसरल्यावर मी समजावलं. रस्सा आळावा, म्हणजे दाट व्हावा, म्हणून लावतात ते आळण. अळणीचं कूळच वेगळं. लवण म्हणजे मीठ. ते नाही ते अलवण, त्याचं झालं अळणी. भरात मी पुढे सांगून गेले, "आपलं लोणचंसुद्धा त्या लवणातूनच आलं."

दादांचे डोळे चमकले. "मंग लोणचं चालंल?"

डॉक्टर पुन्हा हसत सुटले, ते टेबलावरच कोसळले.

डोस वाढवला नाही. दोन गुरुवारांनी दादांचं बीपी चांगलं खाली आलं, आणि तोंडही उतरलं.

आता मी सरळ "मीठ बंद" म्हणते. आधी पंखा बंद करते. मग पेशंटकडून ते वाक्य मोठ्याने वदवून घेते, स्वयंपाक करणाऱ्या माणसासमोर.