कानातला भुंगा

माझ्या नवऱ्याला क्षय झाला तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नागपुरात आमचा हातमाग होता. ते विणत, मी सुताच्या कांड्या भरायची. एका दुपारी विणताविणता खोकला आला आणि मागावरच्या पांढऱ्या धोतरावर रक्त पडलं.

लकडगंजातल्या एका लाकूड व्यापाऱ्याचा मुलगा याच दुखण्यानं गेला होता. म्हणून त्या व्यापाऱ्यानं धर्मार्थ दवाखाना काढला होता. जरा बरं वाटलं की रोगी सुया घेणं सोडून देत. म्हणून त्यानं कंपाउंडरला बक्षीस लावलं होतं. रोग्याचा उपचार पुरा झाला तरच ते मिळे.

कंपाउंडरनं यांच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. "हा नाही टिकत, बाई. दुसरीकडं ने."

"कुठं नेऊ, भाऊ?"

मी रोज दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसू लागले. शेवटी तो वैतागला. "आण त्याले. पण एक सुई चुकली तर मले तोंड दाखवू नको."

सुई चुकू नये म्हणून तो स्वतःच घरी यायचा, भर पावसात, सायकलवर. सख्खा भाऊ करणार नाही इतकं त्यानं केलं. खोकला उतरला. यांना भूक लागू लागली.

मग हे म्हणू लागले, "सुया सुरू झाल्यापासून कानात भुंगा गुणगुणून राहिला वं. चालताना जमीन हालते."

मी कंपाउंडरला सांगितलं. तो सुई उकळत होता. "अशक्तपणा आहे. आता सोडलं तर छाती पुन्हा बिघडंल, अन् माझी मेहनत पाण्यात जाईल."

"डॉक्टरले विचारा ना, भाऊ."

"विचारतो."

त्यानं विचारलं नाही. एके दिवशी यांनी त्याचा हात झटकला. "नाही घेत मी!" तो माझ्याकडं पाहू लागला. सुई थांबवली तर माणूस जाणार, दिली तर कान. मी तशीच अनवाणी दवाखान्याकडं धावले. आठवड्यातून एकदाच येणारे डॉक्टर सुदैवानं त्या दिवशी आले होते.

"या सुयांनी कान जातात! मला आधी का नाही सांगितलं?" ते कंपाउंडरवर ओरडले. सुया बंद झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. पण तोवर दोन्ही कान गेले होते.

गोळ्यांनी उपचार पुरा झाला. कंपाउंडरला बक्षीस मिळालं. त्याला शिव्या द्याव्यात तर माझं कुंकू त्यानंच राखलं होतं.

पुढं आम्हाला मुलगी झाली. हे मागावरून उठून पाळण्याशी येत, वाकून तिचं तोंड पाहत आणि मला मोठ्यानं विचारत, "रडून राहिली का वं?"